तुम्ही विचारलंत म्हणून: लोक तुमच्याशी एवढं बोलतात ते कसं काय?

हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो, कधी मेसेजमध्ये, कधी फोनवर. "आम्हीपण लिहितो, रेग्युलर पोस्ट टाकतो, लाईक्स येतात, पाचेक कमेंटही येतात, पण तुमच्याकडे लोक जसे चार-चार परिच्छेद लिहून बोलतात तसं आमच्याकडे कोणी बोलत नाही, तुम्ही नेमकं करता काय?" दरवेळी तुकड्यातुकड्यात उत्तर देते आणि फोन ठेवल्यावर वाटतं की महत्त्वाचं राहूनच गेलं. म्हणून एकदा बसून नीट लिहितेय.

आधी मी कशावर लिहिते ते सांगते, नाहीतर पुढचं लागणार नाही. बाबांना स्ट्रोक आला आणि त्यांचे शब्द गेले. वाचाघात म्हणतात त्याला, डॉक्टर लोक अफेजिया म्हणतात. त्यांना समजायचं बरंचसं, पण बोलायला गेलं की हवा तो शब्द सापडायचा नाही, पाणी हवं असायचं आणि तोंडातून "चावी" यायचं, आणि हे चुकलं हे त्यांचं त्यांनाच कळायचं, तेव्हाचा त्यांचा चेहरा अजून डोळ्यासमोर आहे. जुनी गाणी मात्र शब्दांसकट म्हणायचे. आम्हाला कोणालाच यातलं काही माहीत नव्हतं, म्हणून २०११ मध्ये मी रोजचं टिपून ब्लॉगवर टाकायला लागले, नंतर तेच फेसबुकवर आणि मग इन्स्टाग्रामवर.

तर उत्तर. लिहिण्यापेक्षा जास्त वेळ मी उत्तरं देण्यात आणि दुसऱ्यांचं वाचण्यात घालवते. पोस्ट लिहायला दोन तास लागले तर पुढच्या आठवड्याभरात त्या पोस्टखाली तीन तास तरी जातात. हे ऐकलं की समोरचा जरा हिरमुसतो, कारण त्याला पोस्ट टाकायची वेळ, हॅशटॅग, फोटोची साईज असलं काहीतरी हवं असतं. ते सगळं असतं, नाही असं नाही, पण त्यातून पोस्ट दिसायला लागते, लोक बोलायला लागत नाहीत.

हे मला कळायला एक चूक करावी लागली. मध्ये एक काळ असा होता की मी एका ग्रुपमध्ये सामील झाले, नियम असा की कोणीही पोस्ट टाकली की बाकीच्या सगळ्यांनी तासाभरात जाऊन लाईक आणि कमेंट करायची. माझ्या पोस्टखाली अचानक तीस-चाळीस कमेंट दिसायला लागल्या, अप्रतिम, खूप सुंदर, डोळ्यात पाणी आलं. मला बरं वाटायचं, आणि मीही दुसऱ्यांकडे जाऊन हेच लिहायचे, न वाचता. मग एकदा घाईत माझी पोस्ट अर्धीच पेस्ट झाली. बाबांना फोनवर पहिल्यांदा "हॅलो" म्हणता आलं त्याबद्दलची पोस्ट, आणि ती "फोन वाजला आणि बाबांनी" इथेच तुटली. खाली नेहमीसारखं अप्रतिम, अप्रतिम, अप्रतिम. रात्री एका बाईंचा मेसेज आला, ग्रुपमधल्या नव्हत्या, कधी कमेंट केलेली नव्हती, "ताई, पुढे काय झालं, बाबांनी फोन उचलला का? सकाळपासून तीनदा येऊन बघितलं." मी फोन हातात धरून बराच वेळ बसून राहिले. ग्रुप त्याच रात्री सोडला. त्या बाईंना मी पूर्ण प्रसंग लिहून पाठवला, मग त्यांनी त्यांच्या नवऱ्याचं लिहिलं, त्यांचंही हेच चाललं होतं आणि दोन वर्षं त्या नुसतं वाचत होत्या.

दोन वर्षं नुसतं वाचत. याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं म्हणून जरा थांबते इथे. २००६ मध्ये याकोब नील्सन यांनी, वेबसाइट लोक कशा वापरतात याचा अभ्यास करणारे ते, ऑनलाइन गटांबद्दल एक ढोबळ हिशोब मांडला होता, १०० माणसं असतील तर ९० फक्त वाचतात, ९ अधूनमधून काहीतरी लिहितात आणि १ माणूस सतत लिहितो. आकडे सगळीकडे तसेच्या तसे लागू होतील असं नाही, पण माझा अनुभव साधारण तोच आहे. म्हणजे पाच कमेंट आल्या तर वाचणारे पाच नसतात. आणि गप्प वाचणारे आणखी एक गोष्ट करत असतात, बोलणाऱ्याला तुम्ही कसं वागवता ते ते बघत असतात. मी एखाद्याच्या कमेंटला नुसता हात जोडलेला इमोजी टाकला की बाकीच्यांना कळतं इथे काय मिळणार आहे. नीट उत्तर दिलं की तेही कळतं, आणि सहा महिन्यांनी त्यातला एखादा पहिलं वाक्य लिहितो.

नीट उत्तर म्हणजे काय, तर त्यांच्या लिहिण्यातला एखादा तपशील धरायचा. कोणी लिहिलं की आईला नावं आठवत नाहीत म्हणून आम्ही कपाटावर फोटो लावलेत, तर "वा छान" लिहून तिथे काहीच होत नाही, पण "फोटोखाली नाव लिहिलंय का नुसता फोटो, आणि त्या बोट दाखवतात का?" असं विचारलं की माणूस परत येतो, कारण त्याला कळतं की हिने वाचलं. आणि त्यांनी सांगितलेलं काही मी पुढच्या पोस्टमध्ये वापरलं तर त्यांना आधी विचारून त्यांच्या नावाने लिहिते, नाव नको असेल तर "एका वाचकाने सांगितलं" असं. चूक दाखवली तर पोस्टमध्येच दुरुस्त करून आभार मानते, गुपचूप बदलत नाही. कोणाच्या ब्लॉगवर गेले तर पूर्ण वाचून, खरंच काही म्हणायचं असेल तरच लिहिते, आणि खाली माझी लिंक कधीच टाकत नाही.

प्रश्न विचारण्याबद्दलही लोक विचारतात, पोस्टच्या शेवटी प्रश्न टाकायचा ना? टाकायचा, पण उत्तर तुम्हाला खरंच हवं असेल तर. "तुम्हाला काय वाटतं, कमेंटमध्ये सांगा" हे वाचून कोणाला काही वाटत नाही. मी एकदा विचारलं होतं, घरातल्या माणसाचा शब्द अडकला की तुम्ही तो पटकन पुरवता की थांबता, आणि थांबत असाल तर किती वेळ? मला स्वतःला हे ठरवता येत नव्हतं, रोज घरात यावरून वाद व्हायचा. त्या पोस्टला लाईक्स कमीच होते पण उत्तरं अशी आली की मी दोन संध्याकाळ वाचत होते, एकाने लिहिलं की मी मनात दहा आकडे मोजतो, एकीने लिहिलं की मी आधी विचारते, मदत करू का, आणि त्यांनी मान हलवली तरच शब्द देते. हे दुसरं आम्ही घरी सुरू केलं आणि बाबांची चिडचिड खरंच कमी झाली. त्याच महिन्यात मी आईवडिलांवरचं एक गोड वाक्य फोटोवर लिहून टाकलं होतं, त्याला कितीतरी पट लाईक्स आले आणि एकही माणूस बोलला नाही.

लाईकबद्दल मला राग नाही. २००९ च्या फेब्रुवारीत फेसबुकने ते बटण आणलं, त्याआधी आवडलं हे सांगायला दोन शब्द तरी टाईप करावे लागायचे. लाईक म्हणजे मान डोलावणं, तेवढंच समजून घ्यायचं त्याचं. काळजी मला दुसऱ्या गोष्टीची वाटते, रागाची. पोस्ट किती लोकांना दाखवायची हे ठरवताना फेसबुकवर २०१७ पासून काही काळ रागाच्या इमोजीला लाईकच्या पाचपट वजन दिलं जात होतं, नंतर २०२० मध्ये ते शून्यावर आणलं. मी एका दवाखान्याबद्दल चिडून एक पोस्ट लिहिली होती, तक्रार खरी होती, पण खाली जे झालं ते बोलणं नव्हतं, अनोळखी माणसं एकमेकांना शिव्या देत होती, आणि माझे नेहमीचे वाचक, जे घरी रोज कोणाचं तरी करतात, ते आठवडाभर फिरकलेच नाहीत. आकड्यांमध्ये ती माझी सगळ्यात यशस्वी पोस्ट असेल. काढून टाकली मी ती, आणि तक्रार जिथे करायची तिथे लेखी केली.

अल्गोरिदमच्या, म्हणजे कोणाला कोणती पोस्ट दाखवायची हे ठरवणाऱ्या फेसबुक-इन्स्टाग्रामच्या हिशोबाच्या, मागे किती धावायचं हाही प्रश्न येतो. थोडं समजून घ्यावं, पण नियम त्यांचे असतात आणि ते बदलतात. "मित्राला टॅग करा, हो असेल तर कमेंटमध्ये हो लिहा" असल्या पोस्ट जोरात चालायच्या, डिसेंबर २०१७ मध्ये फेसबुकने सांगितलं की अशा पोस्ट मागे ढकलणार, आणि ज्यांचं सगळं त्यावर होतं त्यांना धक्का बसला. मला त्याच्या कितीतरी आधी झटका बसला होता, १ जुलै २०१३ ला गूगल रीडर, म्हणजे वेगवेगळ्या ब्लॉगवरचं नवं लिखाण एकाच जागी वाचायची सोय, बंद झालं तेव्हा. माझे बरेचसे वाचक तिथून यायचे आणि ते कोण आहेत हे मला माहीतच नव्हतं. राहिले ते फक्त ज्यांच्याशी ईमेलवर बोलणं झालं होतं ते. तेव्हापासून मी ईमेलची साधी यादी ठेवते, ज्यांनी स्वतःहून मागितलं त्यांचीच, आणि महिन्यातून एक पत्र लिहिते. त्याला येणारी उत्तरं हे माझ्या सगळ्या लिखाणातलं सगळ्यात मोलाचं आहे.

एक सांगायचं राहिलं, दमायला होतं. रात्री दोनला मेसेज येतात, आईला बोलता येत नाहीये अचानक, काय करू? अशा वेळी मी एकच लिहिते, लगेच हॉस्पिटलला न्या, आत्ता, माझ्याशी नंतर बोला. औषधाबद्दल मी काहीही सांगत नाही, स्पीच थेरपिस्टकडे जायला सांगते. आणि बाकीच्यांना मी तिसऱ्या दिवशी उत्तर दिलं तरी चालतं, उशीर झाला तर उशीर झाला असं लिहून देते, कोणी रागावत नाही.

तुमच्याकडे पाच कमेंट येतात म्हणालात ना? गेल्या वर्षभराच्या पोस्ट उघडा आणि ज्यांना उत्तर दिलं नाही ते शोधा. मी असं केलं तेव्हा एक प्रश्न आठ महिने तसाच पडलेला सापडला, "बाबा आता कसे आहेत?" मी उत्तर लिहिलं, बाबा बरे आहेत, कालच त्यांनी माझं नाव घेतलं, तुम्ही कसे आहात? वीस मिनिटांत त्यांचं उत्तर आलं, आणि ते दोन पानांचं होतं.