चित्रात बाबा का नाहीत?

पालकसभा संपली की एखादी आई मागे रेंगाळते. पिशवीतून घडी घातलेला कागद काढते आणि हळूच म्हणते, “ताई, यानं घरातली सगळी माणसं काढलीत, बाबाच नाहीत. बाबा आवडत नाहीत का हो याला?” वीस वर्षं बालवाडीत शिकवतेय, हा प्रश्न दर वर्षी येतो. तुम्हीही विचारलंत, म्हणून लिहिते.

एका चित्रावरून काहीही ठरवू नका. तीन-चार वर्षांच्या मुलाचा माणूस म्हणजे एक मोठा गोल, त्यात डोळे आणि गोलालाच खाली दोन रेघा. पोट नसतं, हातही बहुतेकदा नसतात. तेव्हा ‘आजीला हात नाहीत, म्हणजे आजी जवळ घेत नाही’ असा अर्थ लावणं हा आजीवरही अन्याय आहे. आकाराचंही तेच. पहिलं माणूस ऐसपैस येतं, शेवटचं कोपऱ्यात कोंबलं जातं. कधी कागदच संपतो आणि बाबा राहून जातात.

1926 साली अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्लॉरेन्स गुडइनफ यांनी मुलांना माणूस काढायला लावून चाचणी बसवली, ती बुद्धीचा अंदाज घेण्यासाठी. भावनांकडे बघणं वेगळं. बर्न्स आणि कॉफमन या मनाच्या अभ्यासकांनी 1970 मध्ये मुलांना घरातली माणसं ‘काहीतरी करताना’ काढायला सांगितली. ही सूचना मला फार मोलाची वाटते. नुसती रांगेत उभी माणसं काही बोलत नाहीत, कामात असलेली बोलतात. पण अमुक खूण म्हणजे तमुक भावना, असे ठोकताळे पुढच्या तपासण्यांत फारसे टिकले नाहीत.

घरी “बाबा कुठेत?” असं विचारू नका. मुलाला आपलं चुकलं असं वाटतं आणि ते मुकाट्यानं बाबा काढून देतं. “काय चाललंय इथे?” एवढंच विचारा आणि गप्प बसा. तीच गोष्ट आठवडेच्या आठवडे चित्रात येत असेल आणि त्याच सुमारास झोप, जेवण बिघडलं असेल, मूल पुन्हा अंथरूण ओलं करायला लागलं असेल, तर मात्र डॉक्टरांशी बोला.

मोठ्या गटात एक मुलगी होती. घरी भाऊ झाला होता, तिच्या चित्रांत मात्र तो कधीच नसायचा. एकदा मी शेजारी बसले.

“काय चाललंय इथे?”

“आई पोळ्या करतेय. मी पीठ देतेय.”

मग तिनं आईच्या पायाशी तपकिरी तेलखडू घासायला घेतला. इतका जोर लावून, की कागद तिथं फाटला.

“ही गोधडी. बाळ खाली आहे. झोपलंय.”

तो राग होता की माया, हे मला आजही सांगता येणार नाही. दोन्ही असावं. तिच्या आईला मी अर्थ सांगितला नाही. दुपारी बाळ झोपलं की पंधरा मिनिटं फक्त हिची ठेवा, एवढंच म्हटलं. आईनं ती मनापासून ठेवली.

दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या चित्रात गोधडी होतीच. तिच्याबाहेर एक पाय आला होता. पाचही बोटं नीट काढलेली, आणि पाय तिच्या स्वतःच्या पायापेक्षा मोठा.