टोरांटोत भाड्याचे घर घेताना
आज टोरांटोच्या मध्यवस्तीत, बाथर्स्ट रस्त्याजवळच्या एका जुन्या इमारतीतील एका बेडरूमच्या कॉन्डोच्या (म्हणजे खासगी मालकीच्या फ्लॅटच्या) भाडेकरारावर मी सही केली. मालकाच्या एजंटने पहिल्या आणि शेवटच्या महिन्याच्या भाड्याखेरीज नुकसानीपोटी वेगळी अनामतही मागितली होती. पुण्यात डिपॉझिट देऊनच राहिलेलो असल्यामुळे मी ती देणारच होतो. परंतु टोरांटो ज्या प्रांतात आहे त्या ऑन्टारिओच्या कायद्यानुसार अशी अनामत घेता येत नाही आणि शेवटच्या महिन्याच्या आगाऊ भाड्यावर मालकाने दरवर्षी व्याज द्यायचे असते, हे येथे अनेक वर्षे राहिलेल्या मावशीने काल रात्री फोनवर समजावले. तिचे मनापासून आभार! मी नियम दाखवल्यावर ती मागणी मागे घेतली गेली.

समोरच नवी, काचेची इमारत होती आणि मोह झालाही. मात्र १५ नोव्हेंबर २०१८ नंतर प्रथमच वापरात आलेल्या घरांना वार्षिक भाडेवाढीची सरकारी मर्यादा लागू नसते, म्हणजे वर्षभरानंतर मालक कितीही वाढ मागू शकतो. नव्याने आलेल्या माणसाला हे कोणीतरी आधीच सांगायला हवे, असे मला फार तीव्रतेने वाटले. किल्ली एक तारखेला मिळेल.