चिकित्सक विचाराचा अभ्यासक्रम : तर्कदोषांच्या यादीकडून पूर्वपक्षाकडे

आमच्या महाविद्यालयात द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी चिकित्सक विचार हा दोन श्रेयांकांचा ऑनलाइन अभ्यासक्रम आहे आणि येत्या सत्रापासून तो नव्या मांडणीने शिकवला जाणार आहे. जुन्या मांडणीत दर आठवड्याला दोन-तीन तर्कदोष (युक्तिवादात होणाऱ्या ठरावीक चुका), त्यांवर एक व्हिडिओ आणि अखेरीस बहुपर्यायी प्रश्नांची चाचणी असा ठरलेला क्रम होता. विद्यार्थ्यांना गुणही भरपूर मिळत, कारण व्यक्तिगत हल्ला, चक्राकार युक्तिवाद, खोटा पर्याय ही नावे पाठ करणे फारसे कठीण नाही. पण तेच विद्यार्थी वर्तमानपत्रातील एखादा अग्रलेख वाचून त्यातील मुख्य दावा कोणता आणि त्याला आधार कोणता, हे चार वाक्यांत लिहू शकत नसत, आणि चाचणीला हे कधी दिसतच नसे.

मानसशास्त्रातील एक जुना प्रयोग येथे फार उपयोगी पडतो. पीटर वेसन यांनी 1966 साली मांडलेल्या कोड्यात चार पत्ते असतात. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर आणि दुसऱ्या बाजूला अंक असतो. समोर अ, क, 4 आणि 7 दिसत असताना ‘एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम अंक असतो’ हा नियम पडताळण्यासाठी कोणते पत्ते उलटावे लागतील, असा प्रश्न असतो. बरोबर उत्तर अ आणि 7 हे आहे, कारण 7 च्या मागे स्वर निघाला तर नियम मोडतो, पण बहुसंख्य सुशिक्षित माणसे 7 कडे ढुंकूनही पाहत नाहीत. पुढे 1982 मध्ये ग्रिग्ज आणि कॉक्स यांनी हाच सांगाडा ठेवून अक्षरांच्या जागी बिअर पिणारा, कोक पिणारा, 16 वर्षांचा आणि 22 वर्षांचा असे पत्ते ठेवले व बिअरसाठी वयाची अट हा नियम दिला, तेव्हा जवळजवळ तीन चतुर्थांश लोकांचे उत्तर बरोबर आले. या फरकाच्या कारणांवर अभ्यासकांचे एकमत नाही. माझ्या कामापुरता निष्कर्ष मात्र पुरेसा स्पष्ट आहे. तर्काचा साचा एकदा शिकवला की तो विषय कोणताही असो आपोआप लागू पडेल, ही जुन्या अभ्यासक्रमामागची अपेक्षा होती आणि ती टिकत नाही. म्हणून बारा विषयांची वरवरची ओळख काढून टाकली आणि त्याऐवजी चार प्रकरणे ठेवली, ज्यांत विद्यार्थ्याला विषयात खोलवर शिरावेच लागते.

त्यांतले पहिले प्रकरण 21 सप्टेंबर 1995 चे आहे. त्या दिवशी पहाटे दिल्लीतून निघालेली गणपतीची मूर्ती दूध पिते ही बातमी दुपारपर्यंत देशभर आणि पार लंडनच्या साउथॉलपर्यंत पोहोचली होती. (व्हॉट्सॲप नव्हते, तरीही.) आजच्या विद्यार्थ्यांचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता, म्हणून पहिला स्वाध्याय असा आहे की घरातील वा शेजारातील ज्या व्यक्तीने तो दिवस पाहिला, तिच्याशी बोलून तिने डोळ्यांनी काय पाहिले आणि त्यावरून काय मानले, हे दोन वेगळ्या रकान्यांत लिहायचे. ‘मी स्वतः पाजलं’ असे सांगणारी आजी खोटे बोलत नसते. चमच्यातील दूध खरोखरच कमी झालेले असते. दूध मूर्तीला टेकताच पृष्ठताणामुळे ओढले जाते आणि पातळ थराने खाली ओघळते, पांढऱ्या संगमरवरावर ते दिसत नाही, हे शास्त्रज्ञांनी रंगीत दूध वापरून दाखवले होते. विद्यार्थ्यांनीही फरशीचा उभा तुकडा, चमचा आणि हळद घातलेले दूध घेऊन हा प्रयोग करायचा आहे व चित्रफीत जोडायची आहे. मात्र खरे गुण यानंतरच्या प्रश्नाला आहेत: दुधाचा ओघळ कुठेच दिसला नसता, तर तुम्ही आपले मत बदलले असते का, आणि किती? या प्रश्नापाशी श्रद्धाळू आणि अश्रद्ध अशा दोन्ही बाजूंच्या विद्यार्थ्यांची सारखीच अडचण होते, आणि प्रकरण निवडताना मला नेमके तेच हवे होते.

माहितीच्या पडताळणीचे प्रकरण थोडक्यात आटोपले आहे, कारण तेथील कौशल्य थोडक्यातच सांगता येते: संकेतस्थळ कितीही नीटनेटके दिसले तरी त्यातच वाचत बसू नये, बाहेर पडून इतर लोक त्याविषयी काय म्हणतात ते पाहावे. स्टॅनफर्डच्या संशोधकांना व्यावसायिक तथ्यपडताळणी करणारे असेच वागताना आढळले, तर इतिहासाचे प्राध्यापक अनेकदा पानाच्या देखणेपणाला भुलले. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे 1 जुलै 2018 रोजी मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून पाच निरपराध माणसांचा जमावाने जीव घेतला, त्यामुळे या कौशल्याची गरज विद्यार्थ्यांना वेगळी पटवून द्यावी लागत नाही.

सर्वांत मोठा बदल चर्चामंचात आहे. ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या व्यासपीठाच्या चार भागांच्या रचनेतही चर्चेला स्वतंत्र स्थान आहे, पण प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी तेथे ‘छान मुद्दा मांडलास’ यापलीकडे काही घडत नाही. आपल्याकडच्या शास्त्रग्रंथांत खंडनाआधी पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचे म्हणणे, मांडण्याची शिस्त होती, ती आता येथे सक्तीची केली आहे. विरोधी मताच्या सहाध्यायाचे म्हणणे आधी त्याच्या सर्वांत भक्कम रूपात लिहायचे, त्याने ‘होय, मला हेच म्हणायचे आहे’ अशी संमती द्यायची आणि मगच उत्तरपक्षाची, म्हणजे आपल्या उत्तराची, खिडकी उघडेल. चॅटजीपीटीकडून सफाईदार निबंध लिहून आणणाऱ्यालाही येथे समोरच्या जिवंत माणसाची संमती मिळवावीच लागते. शिवाय सत्राच्या शेवटी पाच मिनिटांच्या तोंडी परीक्षेत कोणता आक्षेप खोडता आला नाही, हे सांगावे लागते.

विभागातील एका सहकाऱ्याचा आक्षेप असा की मित्रमित्र एकमेकांना डोळे झाकून संमती देतील. आक्षेप रास्त आहे. त्यामुळे जोड्या मूडल ही अभ्यासक्रम चालवणारी संगणकप्रणालीच लावेल, नावे झाकलेली राहतील आणि संमती नाकारताना पूर्वपक्षातून काय निसटले हे नेमके लिहिणाऱ्यालाही गुण मिळतील. बहुपर्यायी चाचणी वीस गुणांपुरती राहिली आहे, कारण मूल्यमापनाच्या नियमांत ती बसते आणि शंभरावर विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षा घेणाऱ्या दोन शिक्षकांना कुठेतरी श्वास घ्यायला जागा लागते.