काठी आधी पडते, आवाज मागून येतो

बँडचा लाइव्ह व्हिडिओ बघताना काहीतरी खटकतं, पण नेमकं काय ते कळत नाही. अशा वेळी ड्रमरचा हात बघा. स्नेअरवर (ड्रमसेटमधल्या कडक आवाजाच्या छोट्या ड्रमवर) काठी टेकते त्या फ्रेमवर व्हिडिओ थांबवा आणि एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये खालचा वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाचा आलेख, तपासा. आवाज बहुतेक वेळा एक फ्रेम उशिरा सापडतो.

आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. स्टेजपासून १४ मीटरवरच्या कॅमेऱ्यापर्यंत पोचायला त्याला ४० मिलिसेकंद लागतात, म्हणजे २५ फ्रेमच्या व्हिडिओत पूर्ण एक फ्रेम. सॉफ्टवेअर कॅमेऱ्याच्या माइकचा आणि मिक्सरचा (साउंडवाल्याकडच्या, सगळे माइक एकत्र करणाऱ्या यंत्राचा) वेव्हफॉर्म आपोआप जुळवतं, तेव्हा मिक्सरचा स्वच्छ आवाजही तेवढाच मागे पडतो. म्हणून ऑटो सिंक झाल्यावर मिक्सरचा ट्रॅक जागेवर ठेवायचा आणि लांबच्या कॅमेऱ्याची क्लिप टाइमलाइनवर एक फ्रेम उजवीकडे सरकवायची. स्टेजलगतच्या कॅमेऱ्याला हात लावायचा नाही.

दुसरी भानगड घड्याळांची. मिक्सरचा आवाज टिपणारा रेकॉर्डर आणि कॅमेरा यांच्या घड्याळात दहा लाखांत २० भागांचा फरक असला तरी तासाभरात ७२ मिलिसेकंद वाढतात. त्यामुळे अख्खा सेट एकदाच जुळवू नका. गाणी कापा आणि प्रत्येक गाण्याच्या काउंटवर (सुरुवातीच्या ‘वन-टू-थ्री-फोर’वर) पुन्हा जुळवा.

आता मिक्सरचा फीड. लहान जागेत गिटारचा अॅम्प आणि स्नेअर स्वतःच एवढे दणदणीत असतात, की साउंडवाला ते स्पीकरमध्ये जवळजवळ सोडतच नाही. मुख्य आउटपुट घेतलात तर हाती येतो नुसता गाणाऱ्याचा आवाज, मागे थोडा किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम). यात साउंडवाल्याची चूक नाही, तो समोरच्या लोकांसाठी मिक्स करतोय. साउंडचेकच्या आधी त्याला गाठून वेगळा ऑक्स (मुख्य आउटपुटहून निराळं मिक्स देणारं आउटपुट) मागा आणि त्यात गिटार, ओव्हरहेड (ड्रमच्या वर टांगलेले माइक) वाढवून घ्या. बेहरिंजर एक्स३२ सारखं डिजिटल कन्सोल (मिक्सर) असेल तर यूएसबीवरून लॅपटॉपवर सगळे चॅनल वेगवेगळे घेता येतात. मग ऑक्सची भीक मागायला नको. शिवाय कन्सोलपाशी स्टीरिओ माइकची एक जोडी हवीच. टाळ्या आणि हॉलची हवा तिथूनच मिळते.

कन्सोलमधून लाइन लेव्हल येते, म्हणजे माइकपेक्षा बराच जोरदार सिग्नल. रेकॉर्डर माइक इनपुटवर राहिला तर आवाज फाटतो, आणि तो नंतर दुरुस्त होत नाही. ३२-बिट फ्लोटवर (खूप मोठा आवाजही न फाटता साठवणाऱ्या फॉरमॅटवर) भिस्त ठेवणाऱ्यांनी लक्षात घ्यावं: कन्सोलमध्येच क्लिप झालेला, म्हणजे मर्यादेबाहेर जाऊन फाटलेला आवाज ३२ बिटांतही क्लिपच राहतो. रेकॉर्डर बॅटरीवर चालवा. अडॅप्टर लावला की ५० हर्ट्झची घरघर शिरू शकते.

लाइटचं दुखणं निळ्या रंगात आहे. झेब्रा (जास्त उजळ भागावर कॅमेरा दाखवतो ते पट्टे) ब्राइटनेस मोजतो, आणि त्यात निळ्याचा वाटा जेमतेम ७ टक्के. निळ्या पार लाइटखाली चेहरा जळून प्लास्टिकसारखा दिसू लागतो तरी झेब्रा गप्प. आरजीबी परेड (लाल, हिरवा, निळा वेगवेगळे दाखवणारा आलेख) बघा. ती नसेल तर निळ्या प्रकाशात एक-दीड स्टॉप खाली (एक स्टॉप म्हणजे निम्मा प्रकाश) शूट करा. लाइटवाल्याकडून समोरून पांढरा मागून घ्यावा, पण डिम केलेला नको. स्वस्त एलईडी डिम झाला की चित्रात आडवे पट्टे धावतात. फुल ठेवून लांब सरकवलेला बरा. शटर १/५०, आणि तरी पट्टे दिसले तर बारीक पायऱ्यांनी बदलून बघायचं.

महाराष्ट्रात उघड्यावरच्या फेस्टिव्हलला लाउडस्पीकरसाठी सहसा रात्री १० ची मर्यादा असते. आधीचा उशीर शेवटच्या बँडच्या वेळेतून कापला जातो, तेव्हा हवे ते क्लोजअप पहिल्या दोन गाण्यांतच उरकून घ्या. १०० एमबीपीएसच्या (सेकंदाला १०० मेगाबिट) रेकॉर्डिंगला तासाला ४५ जीबी लागतात. ६४ जीबीचं कार्ड दोन बँडच्या मधल्या वेळेत बदला, चालू गाण्यात नाही.

स्टुडिओत लाइट आपल्या हातात, पण टेकचा (तेच गाणं पुन्हा पुन्हा वाजवून केलेल्या रेकॉर्डिंगचा) घोळ असतो. क्लिकशिवाय (कानात लय देणाऱ्या टिकटिकीशिवाय) वाजवलेले तीन टेक एकमेकांत कापता येत नाहीत, कारण तिसऱ्या कडव्यापर्यंत लय हललेली असते. टेक आवाजावरून निवडायचा, त्यासाठी सगळे कॅमेरे प्रत्येक टेकला चालू ठेवायचे. बाकीच्या टेकमधून फक्त जिथे हात आणि ओठ दिसत नाहीत तेवढंच वापरायचं: मिटलेले डोळे, ठेका धरणारा पाय, अॅम्पचा लाल दिवा.