बाटलीचं लेबल आणि बॅटरीचा पासपोर्ट

जर्मनीत नव्याने आलेल्या माणसाला सुपरमार्केटच्या दाराजवळचं रिकाम्या बाटल्यांचं मशीन भारी वाटतं. प्लास्टिकची बाटली आत सारायची, मशीन ती गोल फिरवून बारकोड वाचतं आणि २५ सेंटची नोंद होते. पण लेबल फाटलेलं असेल तर बाटली तशीच परत बाहेर येते. प्लास्टिक तेच, वजन तेच, फक्त ओळख गेली की किंमत शून्य. इथले कारखाने सध्या ज्या कामात गुंतलेत, त्याचं मर्म एवढंच आहे. फरक इतकाच, की तिथे बाटलीच्या जागी काहीशे किलोची गाडीची बॅटरी आहे.

युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी कायद्यानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून इलेक्ट्रिक वाहनांच्या, २ किलोवॉट-तासांहून मोठ्या औद्योगिक आणि स्कूटर-सायकलीसारख्या हलक्या वाहनांच्या प्रत्येक नव्या बॅटरीला डिजिटल पासपोर्ट लागणार आहे. बॅटरीवरचा क्यूआर कोड स्कॅन केला की ती कुठे बनली, आत कोणती रसायनं आहेत, कार्बनचा हिशोब (ती बनवताना किती कार्बन हवेत गेला) किती, हे दिसेल. सुटी करण्याची पद्धत आणि त्या बॅटरीची तब्येत मात्र दुरुस्ती किंवा पुनर्वापर करणाऱ्यांसारख्या संबंधितांनाच उघडता येईल.

तब्येत कळण्याचा फायदा काय? गाडीतून उतरवलेली बॅटरी बहुतेक वेळा मेलेली नसते, थकलेली असते. सौरऊर्जा साठवायला ती अजून चालते. पण तिचा इतिहास हाती नसेल तर ती एकदा सावकाश पूर्ण भरून रिकामी करून पाहावी लागते, आणि त्यातच बरेच तास जातात. शिवाय उच्च दाबाच्या विजेवर काम करणारा प्रशिक्षित माणूस त्या जागी अडकून राहतो. एवढा खर्च परवडत नाही, म्हणून चांगली बॅटरीसुद्धा भरडून भंगारात जाते. पासपोर्टमधली माहिती विश्वासाची असेल तर ही चाचणी छोट्या तपासणीवर येते. बॅटरी दुसऱ्या कामाला लागली की तिला नवा पासपोर्ट मिळतो, तो जुन्याला जोडलेला असतो आणि जबाबदारीही ती पुन्हा बाजारात आणणाऱ्याकडे जाते.

इथवर सगळं छान. अडतं ते खाली, सुटे भाग पुरवणाऱ्यांकडे. चाकण-भोसरीतून इथे कास्टिंग (साच्यात ओतून केलेले धातूचे भाग) पाठवणाऱ्यांनी इकडे लक्ष द्यावं, कारण पासपोर्टसाठीच्या माहितीचा तक्ता भरायला तुमच्याकडेच येणार आहे.

बॅटरीच्या अ‍ॅल्युमिनियम खोक्याचं उदाहरण घ्या. पुनर्वापरातल्या मालाचं जे सक्तीचं प्रमाण २०३१ पासून लागू होईल, ते कोबाल्ट, शिसं, लिथियम आणि निकेलपुरतं आहे. त्यात अ‍ॅल्युमिनियम नाही. पण कार्बनच्या हिशोबात ते येतं, आणि भंगारापासून अ‍ॅल्युमिनियम करायला खनिजापासून करण्याच्या तुलनेत जेमतेम ५ टक्के ऊर्जा लागते. त्यामुळे ग्राहक पुनर्वापरातल्या मालाची टक्केवारी विचारतोच, आणि हमखास चूक तिथेच होते. समजा भट्टीत १००० किलो माल आहे: ५५० किलो बाहेरच्या भंगारापासूनचे इनगॉट (धातूच्या लाद्या), १५० किलो प्रायमरी (खनिजापासूनचा धातू) आणि ३०० किलो स्वतःच्याच शॉपमधले रनर-रायझर (ओतकामानंतर भागापासून कापून काढलेले तुकडे). बरेच जण ५५० मध्ये ३०० मिळवून ८५ टक्के लिहितात. हे चूक आहे. त्याच प्रक्रियेत परत वितळवलेला घरचा माल आयएसओ १४०२१ या पर्यावरणविषयक दाव्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे पुनर्वापरात धरत नाहीत. तो दोन्ही बाजूंनी वगळा: ५५० भागिले ७००, म्हणजे सुमारे ७९ टक्के. ऑडिटरने चार्ज शीट (भट्टीत काय किती टाकलं त्याची नोंद) मागितली की ८५ चा आकडा पडतो, आणि मग बाकीच्या आकड्यांवरही संशय येतो.

दुसरं दुखणं क्रमांकाचं. हीट नंबर (भट्टीतल्या एका घाण्याचा क्रमांक) वहीत, डायचा म्हणजे साच्याचा नंबर ऑपरेटरच्या डोक्यात, डिस्पॅचचा नंबर टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये. तिन्ही एका ओळीत आले नाहीत तर कितीही महागडं सॉफ्टवेअर घ्या, उपयोग शून्य. मोठ्या खर्चाची गरजही नाही. इथल्या वाहन उद्योगाच्या कॅटेना-एक्स या माहिती देवाणघेवाणीच्या जाळ्यात माहिती एका मध्यवर्ती सर्व्हरवर ओतायची नसते. ती तुमच्याकडेच राहते आणि ठरलेल्या ग्राहकाला ठरलेला भागच दिसतो. छोट्या पुरवठादाराला साध्या तक्त्याची फाइल चढवूनही काम भागवता येतं. मात्र रकाने नीट हवेत: वजन किलोत की ग्रॅममध्ये, दशांशाला टिंब की जर्मन पद्धतीचा स्वल्पविराम. १,२५० किलोचे सव्वा किलो होतात ते इथेच.

शेवटी कोड कोरण्याबद्दल. कास्टिंगवर लेझरने डेटा मॅट्रिक्स कोड (क्यूआरसारखा चौकोनी कोड) मारून मग शॉट ब्लास्टिंग (बारीक छर्‍यांच्या माऱ्याने सफाई) केलं, तर तो पुसट होऊ शकतो. पावडर कोटिंगच्या (भुकटीच्या रंगाच्या) थराखाली उथळ कोड भरून जातो. म्हणून कोडची जागा आधी मास्क करा म्हणजे झाकून घ्या, नाहीतर कोड सगळ्यात शेवटी मारा, आणि भाग धुऊन, वाळवून, पॅक करण्याआधी पुन्हा एकदा स्कॅन करा.