पीक डिस्ट्रिक्ट: गाडी न घेता, डोंगर उतरून थेट पबमध्ये

यूकेला जाणारे आपले बहुतेक लोक लंडन करतात, फार तर स्कॉटलंड जोडतात, आणि मला अगदी मनापासून सांगावंसं वाटतं की लंडनचे दोन-तीन दिवस कापा आणि ते एखाद्या खेड्यात घालवा. आम्ही दोघं जूनमध्ये पीक डिस्ट्रिक्टला राहून आलो. मँचेस्टर आणि शेफील्डच्या मधला डोंगराळ भाग, १९५१ मध्ये जाहीर झालेलं ब्रिटनमधलं पहिलं नॅशनल पार्क. गाडी घेतलीच नाही, कारण या दोन शहरांमधली होप व्हॅली लाइनची लोकल ट्रेन बरोब्बर डोंगरांच्या मधून जाते आणि ईडेलला उतरलं की दहा-पंधरा मिनिटांत चालत गावात पोचता येतं.

मला सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर तिथल्या पायवाटा. 'पब्लिक फुटपाथ' अशी पाटी किंवा पिवळा बाण दिसला की ती वाट कुणाच्या शेतातून, मेंढ्यांच्या कुरणातून, अगदी घराच्या अंगणाजवळून जात असली तरी तुम्ही बिनधास्त चालायचं, तो कायद्याने दिलेला हक्क आहे. उघड्या माळरानावर फिरायची मोकळीक मात्र तशी सहज मिळालेली नाही. ईडेलच्या डोक्यावर किंडर स्काउट म्हणून ६३६ मीटरचं पठार आहे, ते तेव्हा जमीनदारांच्या शिकारीसाठी राखीव होतं, आणि एप्रिल १९३२ मध्ये बेनी रॉथमन नावाच्या विशीतल्या पोराच्या पुढाकाराने शेकडो कामगार मुलंमुली बंदी मोडून वर चढली, पाच जणांना तुरुंगवास झाला. वर उभं राहिल्यावर हे आठवलं आणि अंगावर काटा आला. त्यामुळे एकच विनंती, वाटेतलं फाटक जसं असेल तसं ठेवा, बंद असेल तर बंदच करून पुढे जा.

पहिल्या दिवसासाठी ईडेल-हॉलिन्स क्रॉस-मॅम टॉर-कॅसलटन हा रूट डोळे झाकून घ्या. मॅम टॉर ५१७ मीटर, सह्याद्रीत फिरणाऱ्यांना चढ काहीच वाटणार नाही पण वारा मात्र असा की टोपी हातात धरूनच चालावं लागतं. माथ्यावर फार जुन्या किल्ल्याची मातीची तटबंदी अजून ओळखू येते, गडप्रेमींनी तिथे जरा वेळ काढाच. कॅसलटनकडे उतरताना जुना हमरस्ता लागतो, डोंगर सतत सरकत असल्यामुळे तो १९७९ मध्ये कायमचा बंद केला. डांबराचे थरावर थर फाटून पायऱ्यांसारखे खाली-वर झालेत आणि मधली पांढरी रेघ एका तुकड्यावरून दुसऱ्यावर तुटत जाते.

आणि मग पब! ईडेलचा ओल्ड नॅग्ज हेड म्हणजे पेनाइन वेची सुरुवात, ही वाट इथून जवळपास ४३० किलोमीटर जाते ती स्कॉटलंडच्या हद्दीत संपते. चिखलाचे बूट, दमलेली कुत्री, पाठीवरच्या सॅक, सगळ्यांना आत जागा. टेबलावर ऑर्डर घ्यायला कुणी येईल म्हणून वाट बघू नका, काउंटरवर जायचं, मागायचं, तिथेच पैसे द्यायचे. बिअर घेणार असाल तर लाकडी दांड्याच्या हँडपंपवाली कास्क एल, म्हणजे पिंपातून ओढून दिलेली पारंपरिक बिअर घ्या, ती तळघराच्या गारव्याची असते, म्हणजे आपल्याकडच्यासारखी बर्फगार नाही, पहिल्या घोटाला वेगळं वाटतं आणि अर्ध्या ग्लासात चव कळायला लागते. कुठली घ्यावी कळत नसेल तर थोडी चाखायला मागा, सहसा देतात. बेकवेलच्या थॉर्नब्रिज ब्रुअरीची 'जयपूर' नावाची बिअर दिसली तर नाव बघून खूश होऊन पाइंट मागवू नका, ५.९ टक्के आहे, पाइंट म्हणजे ५६८ मिली, हाफ पुरे. न पिणाऱ्यांनी लक्षात ठेवा, तिकडे सायडर म्हणजे सफरचंदाचा ज्यूस नव्हे, त्यात अल्कोहोल असतं. लेमोनेड किंवा चहा मागितला तर कुणी वळूनही बघत नाही.

व्हेज लोकांचे हाल होत नाहीत, व्हेज पाय, चीज घातलेला जॅकेट पोटॅटो (सालासकट भाजलेला बटाटा), सूप-ब्रेड मिळतं, आणि स्टिकी टॉफी पुडिंग दोघांत एक घ्या. पण किचनच्या वेळा आधी विचारा! जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो त्यामुळे आपण आरामात फिरत बसतो आणि पोचेपर्यंत किचन बंद, मग फक्त चिप्सची पाकिटं. रविवारी दुपारी रोस्टसाठी, म्हणजे भाजलेल्या मांसाच्या जेवणासाठी गर्दी होते, टेबल बुक करा. राहायची खोली वीकेंडला मिळणं कठीण, सोमवार ते गुरुवार बघा, स्वस्तही पडतं.

रेनकोट उन्हाळ्यातही सॅकमध्ये हवाच. दरीत मोबाइलची रेंज जाते, म्हणून ऑर्डनन्स सर्व्हे या तिकडच्या सरकारी नकाशा संस्थेचा ओएल १ नकाशा घ्या किंवा ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा. कॅसलटनला स्टेशन नाही, बसने किंवा चालत शेजारच्या होप गावाला यायचं आणि तिथून ट्रेन, आणि शेवटच्या गाडीची वेळ सकाळीच फोनमध्ये टाकून ठेवा.