तुम्ही विचारलंत म्हणून: रोज बोरू कशासाठी?

टेबलावरची शाईची बाटली, कापून ठेवलेल्या बोरूच्या लेखण्या आणि कागदांचा गठ्ठा पाहिला की घरी येणारं कुणी ना कुणी विचारतंच: "प्रदर्शन भरवणार आहात का? क्लास काढणार? मग रोज कशासाठी?" प्रश्न आपुलकीने विचारलेला असतो आणि दारात उभ्याउभ्या दिलेलं उत्तर तोकडं पडतं. म्हणून हे सविस्तर.

मी देवनागरी सुलेखन करते. सकाळचा चहा झाला की ऑफिसची घाई सुरू होण्याआधी, साधारण अर्धा तास. त्यातून पैसे मिळालेले नाहीत आणि मिळवायचेही नाहीत. जे मिळालं ते आधी डोळ्यांना मिळालं. हाताला वळण लागायला फार काळ जातो, डोळा मात्र त्याच्या कितीतरी आधी तयार होतो.

कसा, ते सांगते. देवनागरीसाठी बोरूचं टोक तिरकं कापतात. रोमन अक्षरांना जो कल लागतो त्याच्या उलट. ते टोक कागदावर ४५ अंशांत धरलं की शिरोरेघ आणि काना एकाच जाडीचे उतरतात. मनगट जरा फिरलं की एक जाड, दुसरा बारीक. अक्षराची उंची मोजायची ती टोकाच्या रुंदीच्या पटीत, त्यामुळे बोरू बदलला की सगळी मापं नव्याने धरावी लागतात. शिवाय अक्षरं क, ख, ग अशी ओळीने गिरवण्यापेक्षा आकाराच्या नात्याने गिरवलेली बरी. व बसला की ब आणि क त्यातूनच निघतात, प बसला की ष आणि फ, र बसला की स आणि ख. एकच व पानभर काढत गेलं की त्याच्या पोटातली मोकळी जागा दिसायला लागते. शाळेत असल्यापासून मी व लिहीत आले होते, पण ती पांढरी जागा कधी पाहिलीच नव्हती. अक्षर देखणं होतं ते निम्मं तिच्यामुळे.

मग रस्तासुद्धा वेगळा दिसतो. जुन्या दुकानांवरच्या हातांनी रंगवलेल्या पाट्यांपाशी पाय थबकतात. ळ च्या दोन वाट्या पेंटरने कशा तोलल्यात, जोडाक्षर अरुंद जागेत कसं बसवलंय, हे बघत राहावंसं वाटतं. ल आणि श यांची मराठी वळणं शासनाच्या २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयात ठरवून दिलेली आहेत, तरी नव्या छापील फलकांवर ती क्वचितच भेटतात. मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. ऑफिसात ज्या मंगल फॉन्टमध्ये टिपणं टाइप करत आले, त्याची अक्षरं र. कृ. जोशींनी घडवलेली आहेत, आणि ते स्वतः मोठे सुलेखनकार होते. हे कळल्यापासून पडद्यावरच्या रोजच्या अक्षरांकडेही मी आदराने बघते.

समर्थांनी दासबोधात, एकोणिसाव्या दशकाच्या पहिल्याच समासात, अक्षर कसं काढावं हे सांगितलंय. ओळी, कडेची कोरी जागा, काने, मात्रा, वेलांट्या, सगळं त्यात आहे. ग्रंथाचं पहिलं अक्षर जसं काढलं तसंच शेवटपर्यंत दिसावं, सगळा ग्रंथ एकाच टाकाने लिहिलाय असं वाटावं, ही त्यातली अपेक्षा मला सगळ्यांत अवघड वाटते. एखादं सुंदर अक्षर कधीतरी कुणाच्याही हातून उतरतं. पानाच्या तळाशीही हात तसाच चालणं, ही रोज बसणाऱ्याचीच मिळकत आहे.

"मूड नसला तर?" हेही विचारतात. मूडची वाट बघणं मी सोडून दिलंय. पहिल्या दोन ओळी नुसत्या उभ्या-आडव्या रेघांच्या असतात, त्यांना मूड लागत नाही. त्या होईतो बहुतेक वेळा हात लागलेला असतो. नाही लागला तरी पान पुरं करते, कोपऱ्यात तारीख घालते आणि गठ्ठ्यात ठेवते. बिघडलेली पानं मी फाडत नाही. सहा महिन्यांपूर्वीचं पान काढून पाहिलं की तेव्हा चांगली वाटलेली ओळ आज डुगडुगते. त्या दिवशी तो दोष मला दिसतच नव्हता. एका खराब पानाने आपण वाईट ठरत नाही हे या गठ्ठ्याने मला शिकवलं, आणि ते ऑफिसात, स्वयंपाकघरात, मुलांशी बोलताना, सगळीकडे उपयोगी पडतं.

यातून ताण जातो का? कधी जातो. कधी शाई पसरते, कागद फुटतो आणि बसण्याआधी होते त्याहून जास्त चिडून मी उठते. औषध म्हणून कुणाला हे सुचवणं मला बरोबर वाटत नाही. घाईत बॉलपेनने लिहिलेलं माझं अक्षरही फारसं बदललेलं नाही, कारण तिथे घाई तशीच आहे. पण दिवसातला अर्धा तास असा आहे, ज्यात माझ्याकडून कुणालाही काही नको असतं. नोकरी आणि घर सांभाळणाऱ्या बाईला ही किती मोठी गोष्ट आहे, हे मी सांगायला नको.

आणि एक आनंद अनपेक्षितपणे आला. सोसायटीत लग्न निघालं की पत्रिकेच्या पाकिटांवर नावं घालायला मला बोलावतात. एकेक नाव सावकाश लिहिताना ते माणूस आठवतं. ज्यांच्याशी जिन्यात मान हलवण्यापलीकडे ओळख नव्हती, अशांची पूर्ण नावं मला आता पाठ आहेत, आणि भेटल्यावर बोलणंही होतं.

सुरुवात करायची असेल तर महागडे निब घेऊ नका. बोरू मिळाला तर उत्तम, नाहीतर जाड पुठ्ठ्याची बोटभर रुंद पट्टी सरळ कापा आणि तिची कड शाईत बुडवा. टोक रुंद असलं की चूक मोठी दिसते, आणि सुरुवातीला तेच हवं असतं. पेन्सिलीने ओळी आखून घ्या. पहिला आठवडा फक्त काना आणि शिरोरेघ काढा, मग व. ब ची घाई करू नका.